मनोरा बाहेर, माणूस आत

आमच्या शाळेची विज्ञान प्रयोगशाळा तळमजल्यावर आहे. बांधकाम जुने, भिंती जाड, खिडक्यांना लोखंडी जाळ्या आणि एका अंगाला जिना. एका दुपारी प्रात्यक्षिक चालू असताना नववीतली एक मुलगी चक्कर येऊन पडली आणि टेबलाची कड तिच्या कपाळाला लागली. खोलीत आम्ही दोन शिक्षक होतो. दोघांच्याही खिशात मोबाइल होते. १०८ क्रमांक लावायला गेलो, तर पडद्यावर रेंजची एकही दांडी नाही. एक जण मुलीजवळ थांबला, दुसरा जिना चढून पटांगणात धावला, तेव्हा कुठे फोन लागला. कपाळाला दोन टाके पडले, एवढ्यावर निभावले.

संध्याकाळी शिक्षकांच्या खोलीत त्यावर बोलणे निघाले. कार्यालयातला तारेचा दूरध्वनी काही वर्षांपूर्वीच काढून टाकला होता. त्याची तार मात्र प्रयोगशाळेच्या दारावरच्या पट्टीतून अजून जाते. संगणक कक्षाकडे जाणारी लॅनची निळी तारही तिच्याच शेजारून जाते. म्हणजे भिंतीवर तार होती, पण हवेतला संदेश त्या भिंतीच्या आत येत नव्हता. ही तार त्या संदेशाला हात धरून आत आणू शकणार नाही का?

हा प्रश्न अभियंत्यांनाही पडला होता आणि त्याची उत्तरे शोधण्यात त्यांची बरीच दशके गेली. तो इतिहास पाहण्यासारखा आहे. त्यात भौतिकशास्त्र आहे, थोडे गणित आहे, आणि खर्च कोणी करायचा हा जुना मानवी प्रश्नही आहे.

मोटारीसाठी जन्मलेला फोन

मोबाइल दूरध्वनीची सुरुवात खिशातल्या फोनने झाली नाही. ती मोटारीत झाली. १७ जून १९४६ रोजी अमेरिकेतील सेंट लुईस शहरात बेल कंपनीने मोटारीतून बोलण्याची सेवा सुरू केली. मोटारीत बसवायची यंत्रसामग्री सुमारे ३६ किलो वजनाची होती. शहराच्या मध्यभागी उंचावर एक शक्तिशाली प्रक्षेपक असे आणि तो सगळ्या शहराला पुरे.

पण ‘पुरे’ हा शब्द जपून वापरला पाहिजे. लहरी सगळीकडे पोहोचत, परंतु एका वेळी बोलू शकणारी माणसे वाहिन्यांइतकीच. एक संभाषण चालू असताना ती वाहिनी संपूर्ण शहरात अडकून पडे. १९७६ सालीसुद्धा न्यूयॉर्कसारख्या महानगरात बेलच्या या सेवेला फक्त १२ वाहिन्या होत्या. ग्राहक साडेपाचशेच्या आसपास आणि प्रतीक्षा यादीत काही हजार माणसे!

या कोंडीवरचा उपाय मात्र फार आधी, डिसेंबर १९४७ मध्ये, बेल प्रयोगशाळेतील डग्लस रिंग यांनी एका अंतर्गत टिपणात मांडून ठेवला होता. त्यांचे सहकारी रे यंग यांचाही त्या कल्पनेत वाटा होता. एका मोठ्या प्रक्षेपकाऐवजी शहराचे लहान लहान षटकोनी भाग करायचे आणि प्रत्येक भागाला कमी शक्तीचा स्वतंत्र प्रक्षेपक द्यायचा. शेजारच्या भागांत वेगवेगळ्या वाहिन्या वापरायच्या. थोड्या अंतरावरच्या भागात मात्र पहिल्याच वाहिन्या पुन्हा वापरता येतील, कारण कमी शक्तीच्या लहरी तिथवर पोहोचून घोटाळा करणार नाहीत. या प्रत्येक भागाला ‘सेल’ म्हणतात. हा टॉर्चमधला सेल नव्हे. जीवशास्त्रातली पेशी डोळ्यांपुढे आणली की चित्र नीट उमटते. ‘सेलफोन’ हे नाव त्यावरूनच आले.

यातले गणित वर्गात सहज करून दाखवता येते. सेलची त्रिज्या निम्मी केली, तर तिचे क्षेत्रफळ चौथाई होते. म्हणजे त्याच शहरात चौपट सेल बसतात आणि तेवढ्याच वाहिन्यांवर चौपट माणसे बोलू शकतात. त्रिज्या दशांश केली तर शंभरपट. नव्या वाहिन्या मिळवणे महाग आणि मर्यादित, पण सेल लहान करणे आपल्या हातात. आजवर मोबाइल यंत्रणेची क्षमता जी प्रचंड वाढली, तिच्यात सर्वांत मोठा वाटा या लहान होत गेलेल्या सेलचा आहे.

कल्पना १९४७ ची, पण ती व्यवहारात यायला संगणकाने चालणारी दूरध्वनी केंद्रे, स्वस्त इलेक्ट्रॉनिक भाग आणि सरकारी परवाने यांची वाट पाहावी लागली. जपानमध्ये १९७९ साली टोकियोत अशी सेवा सुरू झाली, १९८१ मध्ये उत्तर युरोपातील देशांत आणि ऑक्टोबर १९८३ मध्ये शिकागोत. यातही ग्राहक म्हणजे प्रामुख्याने मोटारवालाच होता. म्हणून मनोरे उभारले गेले ते रस्ते डोळ्यांसमोर ठेवून. मोटारीतून उतरून माणूस इमारतीत शिरला, की त्या काळच्या आराखड्यातून तो जवळजवळ बाहेरच पडे.

पुढे फोन मोटारीतून खिशात आला आणि माणसाबरोबर घरात, कचेरीत, इस्पितळात, तळघरातल्या वाहनतळात जाऊ लागला. मनोरे मात्र बाहेरच राहिले.

भिंत काय करते?

रेडिओ लहरी भिंतीतून जातात. पण जाताना भिंतीला जकात देऊन जातात. ही जकात डेसिबल या एककात मोजतात. १० डेसिबल घट म्हणजे शक्तीचा दहावा भाग उरला. २० डेसिबल म्हणजे शंभरावा. ३० डेसिबल म्हणजे हजारावा. साधी विटांची भिंत काही डेसिबलच घेते. सळया घातलेल्या काँक्रीटची जाड भिंत सहज दहा-वीस डेसिबल घेते. दोन भिंती आणि एक स्लॅब ओलांडायचा असेल, तर या घटींची बेरीज होते. डेसिबलची बेरीज म्हणजे प्रत्यक्षात गुणाकार, हे विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवावे. लॉगॅरिथम कशासाठी शिकायचे, या प्रश्नाचे हे एक चांगले उत्तर आहे.

गंमत अशी की नव्या इमारती या बाबतीत जुन्यांपेक्षा वाईट ठरू शकतात. उन्हाची उष्णता आत येऊ नये म्हणून आधुनिक कचेऱ्यांच्या काचांवर धातूचा अतिशय पातळ थर देतात. डोळ्यांना काच पारदर्शक दिसते, पण रेडिओ लहरींना ती पत्र्यासारखी भासते. अशी काच वीस-तीस डेसिबल घेऊ शकते. वीज वाचवणारी इमारत मोबाइलला बाहेर ठेवते.

दुसरी अडचण लहरींच्या वारंवारतेची. सेंट लुईसची १९४६ मधली सेवा १५० मेगाहर्ट्झच्या आसपास चाले. तिची तरंगलांबी दोन मीटर. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्यातून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना पहिला मोबाइल फोन केला, तेव्हा आपल्याकडची सेवा ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात होती. म्हणजे तरंगलांबी सुमारे ३३ सेंटिमीटर. पुढे १८०० आणि २१०० मेगाहर्ट्झचे पट्टे आले. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५जी सेवा सुरू झाली, तिचा एक मुख्य पट्टा ३३०० मेगाहर्ट्झपासून सुरू होतो. तरंगलांबी जेमतेम नऊ सेंटिमीटर. माहिती जास्त न्यायची तर रुंद पट्टा हवा, आणि रुंद पट्टे वरच्या वारंवारतेलाच मोकळे सापडतात. पण वारंवारता वाढली की काँक्रीटची जकातही सर्वसाधारणपणे वाढते. थोडक्यात, फोनची प्रत्येक नवी पिढी घरात शिरायला आधीच्या पिढीहून अधिक संकोचते.

मग बाहेरच्या मनोऱ्याची शक्ती वाढवली तर? एक तर त्याने शेजारच्या सेलमध्ये गोंधळ होईल. दुसरे, संभाषण दुतर्फी असते. मनोरा कितीही मोठ्याने ओरडला, तरी खिशातल्या छोट्या फोनचे उत्तर मनोऱ्यापर्यंत पोहोचले पाहिजे. ४जी फोनची प्रक्षेपणशक्ती साधारण एक पंचमांश वॅट असते. ती वाढवता येत नाही. बॅटरी आणि आरोग्य दोन्ही आड येतात. म्हणून एकच रास्ता मार्ग उरतो: प्रक्षेपकालाच भिंतीच्या आत आणणे.

गळक्या नळीची युक्ती

या मार्गावर पहिले पाऊल कचेऱ्यांसाठी पडले नाही. ते बोगदे आणि खाणी यांच्यासाठी पडले. बोगद्यात रेडिओ लहरी फार लांब जात नाहीत. तिथल्या आगगाडीशी किंवा खाणकामगारांशी बोलायचे कसे? दूरदर्शनच्या अँटेनाची जाड तार सर्वांनी पाहिली आहे. मधोमध तांब्याची तार, तिच्याभोवती विद्युतरोधक आणि त्यावर धातूचे वेष्टन. हे वेष्टन लहरींना आत कोंडून ठेवते. याच वेष्टनाला मुद्दाम ठरावीक अंतरावर फटी ठेवल्या, तर प्रत्येक फटीतून थोडी थोडी लहर बाहेर झिरपते. ठिबक सिंचनाची नळी जशी प्रत्येक रोपापाशी थेंब सोडते, तशीच ही. अशी झिरपणारी तार बोगद्याच्या भिंतीवरून ओढली, की बोगदाभर संदेश मिळतो. १९५० च्या दशकापासून या कल्पनेवर काम झाले आणि भुयारी रेल्वेत ती आजही वापरली जाते.

इमारतींसाठी पुढचे पाऊल १९८७ साली पडले. बेल प्रयोगशाळेतील एडेल सालेह आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. इमारतीत एका जागी एक जोरदार अँटेना लावण्यापेक्षा मजल्या-मजल्यावर अनेक छोट्या अँटेना लावून त्या एकाच यंत्राला तारेने जोडल्या, तर कमी शक्तीत सगळीकडे सारखा संदेश मिळतो, असे त्यांनी दाखवले. सभागृहात एकच मोठा कर्णा लावण्याऐवजी छताला दहा छोटे ध्वनिक्षेपक लावण्यासारखेच हे. विमानतळ, मोठी दुकानसंकुले, भुयारी स्थानके येथे ही पद्धत पुढे रुळली.

तिच्यात एक खोट होती. अँटेनापर्यंत नेणारी खास जाड तार महाग, वाकवायला अवघड, आणि ती घालण्यासाठी भिंती फोडाव्या लागत. वापरातल्या इस्पितळात किंवा शाळेत हे काम काढणे म्हणजे मोठाच उपद्व्याप.

भिंतीत आधीपासून असलेली तार

इथे आपली दारावरची तार पुन्हा आठवू. तिच्या वेष्टनात पातळ तारांच्या जोड्या असतात आणि प्रत्येक जोडी वेणीसारखी पिळलेली असते. हा पीळ दिसायला किरकोळ, पण त्यामागे सुंदर युक्ती आहे. बाहेरच्या विजेच्या तारांमुळे या जोडीत नको असलेला प्रवाह निर्माण होतो. पिळामुळे दोन्ही तारा आळीपाळीने त्या त्रासाच्या जवळ आणि दूर जातात. दोघींवर सारखाच परिणाम होतो आणि फरक काढताना तो वजा होऊन जातो. या युक्तीचे एकस्व अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्येच घेतले होते. शंभर वर्षे ही जोडी फक्त दूरध्वनीसाठी वापरात राहिली. १९९० साली तीच संगणकांच्या जाळ्यासाठी मानक म्हणून स्वीकारली गेली. पुढच्या काही वर्षांत जगभरच्या कचेऱ्या, महाविद्यालये, इस्पितळे यांच्या भिंतींत ती पसरली. ‘कॅट-५’ या नावाने आपण तिला ओळखतो.

मग हिच्यातूनच मोबाइलची लहर नेली तर? थेट नेता येत नाही. का, ते आकड्यांनी पाहू. कॅट-५ तार १०० मेगाहर्ट्झपर्यंतच्या वापरासाठी बनवलेली आहे. त्या वारंवारतेला शंभर मीटर लांबीत सुमारे २२ डेसिबल घट चालते. तारेतली घट ढोबळमानाने वारंवारतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. ९०० मेगाहर्ट्झ म्हणजे नऊपट वारंवारता, म्हणून घट तिप्पट: ६६ डेसिबल. प्रत्यक्षात ती याहूनही जास्त असते. ६६ डेसिबल म्हणजे पलीकडच्या टोकाला चाळीस लाखांतला एक भाग उरतो. भिंत परवडली!

उत्तर सापडले ते जुन्या रेडिओत. गायकाला वरच्या पट्टीत गाणे जमत नसेल, तर पेटीवाला पट्टी उतरवतो. सूर खाली येतात, पण सुरांमधली अंतरे तीच राहतात. चाल बदलत नाही. रेडिओत हेच काम एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९१८ मध्ये करून दाखवले होते. आलेल्या लहरीत रेडिओतच तयार केलेली दुसरी लहर मिसळायची, म्हणजे दोन्हींच्या वारंवारतांच्या फरकाइतकी खालची वारंवारता मिळते आणि मूळ संदेश तिच्यावर जसाच्या तसा राहतो. घरोघरच्या रेडिओसंचांत ही युक्ती कित्येक दशके गुपचूप काम करत होती.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील एलजीसी वायरलेस या कंपनीने ती इमारतींत आणली. मोबाइलची लहर तळमजल्यावर खालच्या पट्टीत उतरवायची, काचतंतूने मजल्यापर्यंत आणि तिथून कॅट-५ तारेने छतावरच्या छोट्या पेटीपर्यंत न्यायची, आणि तिथे पुन्हा मूळ पट्टीत चढवून अँटेनातून सोडायची. सप्टेंबर २०१३ मध्ये स्वीडनच्या एरिक्सन कंपनीने याच धर्तीची ‘रेडिओ डॉट’ ही यंत्रणा जाहीर केली. तिच्या टोकाची तबकडी हाताच्या पंजावर मावणारी आणि सुमारे ३०० ग्रॅम वजनाची. तिला जोडणारी तार लॅनचीच. १९४६ ची ३६ किलोंची पेटी आठवली की हा प्रवास किती लांबचा आहे ते कळते.

त्या तबकडीला वीज कुठून मिळते? त्याच तारेतून! २००३ मध्ये लॅनच्या तारेतून माहितीबरोबर सुमारे १५ वॅट वीज पाठवण्याचे मानक ठरले. २००९ मध्ये ही मर्यादा ३० वॅटवर आणि २०१८ मध्ये ९० वॅटपर्यंत गेली. छताजवळ नवा विजेचा प्लग काढायची गरज उरली नाही. ही सोय नसती, तर बाकीची हुशारी बरीचशी वाया गेली असती.

दुसरा मार्ग: तारेच्या टोकाला अख्खे केंद्र

वरच्या मार्गात तार लहर वाहून नेते. दुसऱ्या मार्गात तार फक्त आकडे, म्हणजे संगणकाची माहिती वाहते आणि तिच्या टोकाला मोबाइलचे अख्खे छोटे केंद्रच बसवलेले असते. १९९९ साली स्थापन झालेल्या ब्रिटनमधील आयपी.अ‍ॅक्सेस कंपनीने अशी भिंतीवर टांगायची केंद्रे बनवली. पुढे घराच्या ब्रॉडबँडला जोडायची, पुस्तकाएवढी ‘फेम्टोसेल’ आली. अमेरिकेत २००७ मध्ये स्प्रिंट कंपनीने आणि ब्रिटनमध्ये २००९ मध्ये व्होडाफोनने ती ग्राहकांना देऊ केली. या सगळ्या छोट्या केंद्रांना मिळून आता ‘स्मॉल सेल’ म्हणतात. रिंग यांच्या टिपणातला षटकोन आकसत आकसत एका खोलीएवढा झाला.

अर्थात अडचणी आल्या. घरातले केंद्र आणि बाहेरचा मनोरा एकाच वारंवारतेवर बोलू लागले, तर एकमेकांचे बोलणे खराब करतात. म्हणून छोट्या केंद्राला आधी कान देऊन भोवतालचा अंदाज घ्यायला आणि मग आपली शक्ती ठरवायला शिकवावे लागले. दुसरी अडचण वेळेची. शेजारच्या केंद्रांची घड्याळे अतिशय काटेकोरपणे जुळलेली असावी लागतात. मनोऱ्यांना ती वेळ उपग्रहांकडून मिळते, पण जिथे मोबाइलची लहर पोहोचत नाही तिथे उपग्रहाची कशी पोहोचणार? मग तारेतूनच अचूक वेळ पाठवण्याची पद्धत वापरात आली. तिचे पहिले मानक २००२ चे.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. छतावर केंद्र म्हणजे डोक्यावर किरणोत्सर्जनाचा धोका, अशी भीती पालक व्यक्त करतात. प्रत्यक्षात फोन आपली शक्ती अंतर पाहून बदलतो. केंद्र दूर किंवा भिंतीआड असेल तर तो पूर्ण जोर लावतो, जवळ असेल तर हळू बोलतो. कानाला लागलेला असतो तो फोन, केंद्र नव्हे. म्हणून जवळच्या छोट्या केंद्रामुळे आपल्या वाट्याला येणारी शक्ती बहुधा कमीच होते. रेंज नसलेल्या ठिकाणी फोनची बॅटरी भराभर उतरते, त्याचेही एक मोठे कारण हेच.

जिवाशी गाठ

इमारतीच्या आतला संदेश ही केवळ सोयीची बाब नाही. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये १९९३ साली बॉम्बस्फोट झाला. त्या वेळी उंच इमारतीत अग्निशमन दलाचे हातातले रेडिओ नीट चालले नाहीत, असे दिसून आले. म्हणून नंतर तिथे संदेश बळकट करणारे यंत्र बसवले गेले. ११ सप्टेंबर २००१ रोजी ते यंत्र चालू होते. मात्र उत्तरेकडच्या मनोऱ्यात ते वापरण्यासाठी दोन कळा दाबायच्या होत्या. त्यांतली दुसरी दाबली गेली नाही. अधिकाऱ्यांनी चाचणी घेतली, पलीकडून उत्तर ऐकू आले नाही, आणि यंत्र बंद आहे असे समजून त्यांनी त्याचा वापर सोडला. चौकशी आयोगाने हा तपशील नोंदवला आहे. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ३४३ जण मृत्युमुखी पडले. सगळा दोष त्या एका कळीवर टाकणे चूक ठरेल, कारणे अनेक होती. पण यंत्र बसवणे आणि ते वेळेवर वापरता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा स्पष्ट आहे. २००९ पासून अमेरिकेतील आदर्श अग्निसुरक्षा संहितेत, मदतकर्त्यांच्या रेडिओला इमारतीत सर्वत्र संदेश मिळालाच पाहिजे, असे कलम आले. पाण्याचा नळ आणि सुटकेचा जिना यांच्या पंक्तीत रेडिओ लहर जाऊन बसली.

खर्च कोणाचा?

भारतातही हा विचार झाला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, जानेवारी २०१७ मध्ये शिफारस केली, की इमारतींमध्ये सर्व कंपन्यांना प्रवेश मिळावा आणि आतल्या सोयी त्यांनी सामायिक वापराव्यात. ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना त्यांच्या ‘डिजिटल जोडणी’नुसार तारांकित मानांकन देण्याचे विनियम आले. घर घेताना पाणी आणि वीज विचारतो, तशी रेंजही विचारावी, असा त्याचा अर्थ.

पण नियम झाला म्हणून भांडण मिटत नाही. मुंबईच्या कुलाबा–सीप्झ भुयारी मेट्रोचे उदाहरण ताजे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचा पहिला टप्पा आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये संपूर्ण मार्ग सुरू झाला. सुरुवातीच्या काळात मात्र स्थानकांत आणि बोगद्यांत प्रवाशांचे फोन मुके होत. तंत्र उपलब्ध होते. वाद होता तो आतली यंत्रणा कोणी बसवायची आणि तिचे भाडे किती, याचा. मेट्रो महामंडळाने हे काम तिसऱ्याच कंपनीकडे दिले होते, तर दूरसंचार कंपन्यांना ते भाडे अवाजवी वाटत होते. दोघांचे म्हणणे काही असो, तिकीट काढण्यासाठी फोन हातात घेऊन उभा असलेला प्रवासी मधल्यामध्ये अडकला.

मेट्रोत रोज लाखो माणसे येतात, म्हणून तिथे निदान भांडायला तरी कोणी असते. आमच्या शाळेच्या तळमजल्यासाठी कोण भांडणार? मॉलमध्ये ग्राहक आहे, कचेरीत भाडे आहे. शाळा आणि सरकारी दवाखाने यांच्याकडे दोन्ही नाहीत. मग काही जण बाजारातून ‘सिग्नल बूस्टर’ आणून लावतात. तो मोह टाळावा. परवान्याशिवाय असे यंत्र बाळगणे आपल्याकडे बेकायदा आहे, आणि त्यामागे भौतिकशास्त्राचे कारणही आहे. हलक्या प्रतीचा बूस्टर संदेशाबरोबर गोंगाटही वाढवून मनोऱ्याकडे पाठवतो आणि साऱ्या वस्तीचे फोन बिघडवतो. आपल्या खोलीत रेंज यावी म्हणून शेजारच्या इस्पितळाची घालवणे कोणालाच आवडणार नाही.

मधला मार्ग एक आहे. डिसेंबर २०१९ पासून आपल्याकडे वाय-फायवरून साधा फोन करण्याची सोय येत गेली. फोनच्या सेटिंगमध्ये ती चालू करावी लागते आणि फोन व कंपनी दोघांनी ती दिलेली असावी लागते. संगणक कक्षाच्या तारेच्या टोकाला एक वाय-फाय पेटी लावली, तर प्रयोगशाळेतून फोन लागू शकतो. ही पेटी म्हणजे सेल नव्हे. वीज किंवा ब्रॉडबँड गेले की तीही गप्प होते. म्हणून तिच्यावर सगळी भिस्त ठेवू नये.

वर्गात करून पाहा

बऱ्याच फोनच्या सेटिंगमध्ये, सिमच्या माहितीत, संदेशाची ताकद ऋण आकड्यात दिसते, उदाहरणार्थ –८५ किंवा –११०. आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका संदेश जोरदार. आणि दर १० च्या फरकाला दहापट. मुलांचे गट करून शाळेचा नकाशा काढावा आणि पटांगण, खिडकी, वर्गाचा मधला भाग, जिन्याखालची जागा, प्रयोगशाळा असे आकडे नोंदवावेत. आकडा सारखा हलतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी पाच वेळा पाहून सरासरी घ्यावी. एकच फोन आणि एकच सिम वापरावे. मग पटांगणापेक्षा प्रयोगशाळेत शक्ती कितीपट कमी, ते मुलांकडून काढून घ्यावे.

दुसरा प्रयोग स्टीलच्या डब्याचा. फोन डब्यात ठेवून झाकण लावा आणि दुसऱ्या फोनवरून रिंग द्या. पुष्कळदा फोन वाजतोच! मुले म्हणतील, धातू लहर अडवतो हे खोटे. त्यांना झाकणाच्या फटीकडे बघायला सांगा. ती गोल फट लांबीला तरंगलांबीच्या तोडीची असते आणि गळक्या नळीसारखी वागते. आता फोन अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ कागदात दोन-तीन घड्या घालून फटी न ठेवता गुंडाळा आणि फरक पाहा.

आमच्या मुलांनी असा नकाशा केला. त्यांच्या नोंदींत पटांगणात सरासरी –८२ आणि प्रयोगशाळेत –११५ आली. फरक ३३ डेसिबलचा, म्हणजे दोन हजारपट. मुलांनी तो नकाशा मोठ्या कागदावर काढून मुख्याध्यापकांकडे नेला. जिथून फोन लागतो अशा तीन जागांवर आता हिरवे ठिपके रंगवले आहेत, आणि संगणक कक्षाच्या तारेवरून एक पेटी प्रयोगशाळेच्या दाराशी आणायचे ठरले आहे. काढून टाकलेला तारेचा दूरध्वनी पुन्हा घ्यावा, असे एका मुलीने सुचवले. त्याची तार तर भिंतीवर आहेच, असे तिचे म्हणणे. ते आम्हालाही पटले. कपाळावर दोन टाके पडलेली मुलगी ती हीच.